द्वितीयेचा वार

दाजीला पहिला फटका बसला तो ‘मला’ या शब्दावर.

जर्मनीतल्या मांसाच्या कारखान्यात, हाडं सोडवायच्या हॉलमध्ये तो नवाच होता. समोरच्या पट्ट्यावरून जनावरांचे फरे सरकत येत होते, हातातली सुरी बोथट झाली होती आणि दुसरी हवी होती. त्याने मनातल्या मनात दोनदा घोकलं, धीर केला आणि जर्मनमध्ये मागितली, “गिब मिख दास मेसर.” मला सुरी दे. त्याच्या मते वाक्य झकास जमलं होतं. टोळीचा प्रमुख शेजारीच उभा होता. त्याने कमरेला लटकणारी, सुरीला धार लावायची पोलादी कांडी उपसली आणि दाजीच्या उजव्या मुठीवर सटकन हाणली.

“मीर,” तो शांतपणे म्हणाला. “गिब मीर.”

दाजीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुरी फरशीवर पडली. ती उचलायला तो वाकला तर मानेवर दुसरा फटका, कारण खाली पडलेली सुरी गरम पाण्यातून काढल्याशिवाय वापरायची नसते. म्हणजे एक फटका व्याकरणाचा आणि एक स्वच्छतेचा. पहिल्याच आठवड्यात दोन विषयांचं शिक्षण सुरू झालं.

तिथे काम करणाऱ्यांच्या डाव्या हातात बारीक साखळीचा हातमोजा असतो, सुरी घसरली तर बोटं वाचावीत म्हणून. उजवा हात, सुरीचा, उघडा. कांडी नेहमी उजव्यावरच पडायची. मारणाऱ्याला सगळं नीट ठाऊक होतं.

हॉलमध्ये मूठभर मराठी माणसं होती. त्यांनी या प्रमुखाचं नाव पंतोजी ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार! पंतोजी दांडगा होता, पाळी संपली तरी त्याच्या एप्रनवर रक्ताचा डाग सापडायचा नाही, आणि जर्मन ही त्याची मायबोली होती. ती कोणी वाकडी बोललं की त्याच्या पोटात दुखायचं, मग तो बोलणाऱ्याच्या हातात दुखवायचा. बाकीचे प्रमुख शिव्या देत. पंतोजी शिवी देत नसे. तो दुरुस्ती करायचा.

आता कोणी म्हणेल, तक्रार का केली नाही? तक्रार करायला भाषा लागते. आणि भाषेच्याच नावाने तर बोंब होती.

दाजीला सगळे दाजी म्हणत, कारण त्याचा मेहुणा त्याला दाजी म्हणायचा. बायकोचा हा थोरला भाऊ आधीपासून तिथे होता, त्यानेच दाजीला नोकरीला चिकटवलं होतं, आणि पट्ट्यावर दोघं शेजारी उभे राहत. मेहुणा बोलका, हसरा, कशाचंही ओझं न घेणारा. व्याकरणाबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं. “दाजी, माणसाला ‘ला’ लावता आला म्हणजे झालं. ज्याला कळायचं त्याला कळतं.”

“तुम्हाला मारत नाही तो?”

“मारतो की. पण मी बोलतोच इतकं, कुठल्या कुठल्या चुकीला मारणार? थकतो बिचारा.”

मेहुण्याच्या या बोलण्यात तथ्य होतं. तो चुकांचा पाऊस पाडायचा आणि त्यातल्या एखाद्याच थेंबाला फटका बसायचा. दाजी दिवसाला चार वाक्यं बोलायचा, मोजून मापून, आणि चारही पंतोजीच्या कानात पडायची.

संध्याकाळी कारखान्याच्या जेवणघरात एक बाई भाषेचा वर्ग घेत. बाई मराठीच होत्या, मायाळू, आवाज मधासारखा. त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. “शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवतो ना? द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोघींचे प्रत्यय एकच. आपण म्हणतो, मी त्याला मारलं. आपण म्हणतो, मी त्याला पाणी दिलं. दोन्हीकडे त्याला. जर्मन माणूस असं करत नाही. ज्याला मारलं तो ‘ईन’ आणि ज्याला दिलं तो ‘ईम’. तुला मारतो ते ‘दिख’, तुला देतो ते ‘दिर’. आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं.” मग त्या हसून म्हणत, “नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका. इतकी वर्षं शिकवते, आपल्यातल्या एकालाही हे धड जमलेलं मी पाहिलं नाही.”

दाजी शेवटच्या बाकावर हनुवटी छातीला टेकवून झोपलेला असायचा. बाई उठवून विचारत आणि तो हटकून चुकीचं सांगे. “मी तुला ब्रेड कापून देतो, म्हणा.” दाजी म्हणे, “इख श्नायडं दिख.” वर्ग फिदीफिदी हसे, कारण त्याने बाईंना ‘मी तुला कापतो’ असं सांगितलेलं असे. बाईही हसत. त्यांना हा विनोद फार आवडायचा, नव्या माणसांना त्या तो मुद्दाम सांगत.

नंतर कारखान्याने दुहेरी पाळ्या लावल्या आणि दाजीचा वर्ग सुटला. पंतोजीचा वर्ग मात्र सुटला नाही.

खरं सांगायचं तर पंतोजी शिकवायला चांगला होता. हे बोलताना जीभ कडू होते, पण होता. चूक झाली की क्षणाचाही विलंब नाही, लगेच कांडी. मग बरोबर शब्द, एकदाच, स्पष्ट. मग बोट वर करून “नोख आइनमाल”, पुन्हा एकदा. आणि कांडीचं टोक पट्ट्याच्या लोखंडी कडेवर टक्क वाजवायचा. तो टक्क झाला की बरोबर उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर पुढचा आवाज लोखंडाचा नसे. दाजीच्या मधल्या बोटाचा सांधा एकदा असा फुटला की तिथे कायमचं टेंगूळ राहिलं. एकदा नख काळं पडून निघालं. हात सुजला की सुरी नीट धरता येत नसे, सुरी नीट धरली नाही की मांस वाया जाई, मांस वाया गेलं की त्याचा वेगळा मार. बायकोने विचारलं तर तो सांगे, गोठलेल्या मांसाने हात असा होतो.

पण भाषा आत शिरत गेली. कुठून शिरली ते त्यालाही कळलं नाही. कदाचित फुटलेल्या सांध्यातूनच. बाईंच्या फळ्यावर जे कधी उमगलं नाही ते त्याला फऱ्यातून हाड सोडवताना एका सकाळी लख्ख दिसलं. ज्याच्यावर क्रियापद कोसळतं तो एक, आणि ज्याच्या पदरात काही पडतं तो दुसरा. सुरी पदरात पडते तेव्हा ‘मीर’. सुरी अंगावर येते तेव्हा ‘मिख’. आपल्या भाषेने दोघांना एकच ‘मला’ दिलाय, म्हणून आपण आयुष्यभर विचारतच नाही की आपल्याला काही मिळतंय की आपल्यावर काही पडतंय. त्याला हे इतकं पटलं की हातातला फरा तसाच पुढे गेला. त्याबद्दल कांडी बसली, पण तरी त्या दिवशी तो खूश होता. मार खाऊन का होईना, काहीतरी समजलं होतं.

त्यानंतर दाजी चुकेनासा झाला. पंतोजी मुद्दाम अवघड वाक्यं टाकायचा, कांडी टक्क वाजवायचा आणि दाजी बरोबर उत्तर द्यायचा. तेव्हा पंतोजी डोळे मिटून समाधानाने म्हणायचा, “रिख्तिख.” बरोबर. दाजीला त्या शब्दाने बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची.

कांडीला काम उरलं नाही, म्हणून ती मेहुण्याकडे वळली.

तो दिवस असा. पट्टा चालू, हॉल थंडगार, भिंतीलगत गरम पाण्याची चौकोनी पेटी. सुऱ्या त्यात बुडवून निर्जंतुक करतात, आणि पाणी इतकं कढत असतं की वर कायम वाफ. पंतोजीने मेहुण्याला विचारलं, त्याची दुसरी सुरी कुठे आहे. मेहुणा हात न थांबवता, हसत, म्हणाला, “इन्स वासर.” पाण्यात.

पंतोजीने मान हलवली. “इन्स वासर?”

“हो की,” मेहुणा म्हणाला. “वासर. तिथे.”

जर्मनमध्ये पाण्यात जाणं वेगळं आणि पाण्यात असणं वेगळं. आपण दोन्हीला ‘पाण्यात’ म्हणतो आणि आपलं काही बिघडत नाही. सुरी पाण्यात जाते तेव्हा द्वितीया, ‘इन्स’. गेल्यावर पाण्यात असते तेव्हा चतुर्थी, ‘इम’. मेहुण्याने असलेल्या सुरीला जायला लावलं होतं. इतकीच चूक.

पंतोजीने मेहुण्याचं उजवं मनगट धरलं आणि त्याला पेटीपर्यंत ओढत नेलं. “बघ,” तो म्हणाला, नेहमीच्या शांत आवाजात. “इन्स वासर.” आणि त्याने तो हात मनगटापर्यंत पाण्यात कोंबला.

मेहुणा किंचाळला. पट्ट्याच्या घरघरीत ते फार लांब गेलं नाही. तो पाय झाडत होता, डाव्या हाताने पेटीवर बुक्क्या मारत होता, पण पंतोजी त्याच्या दुप्पट.

“आणि आता,” पंतोजी हात तसाच दाबून धरत म्हणाला, “इम वासर.”

त्याने तो धरून ठेवला. उदाहरण नीट समजेपर्यंत. हात वर आला तेव्हा लाल टोमॅटोसारखा होता आणि मागची कातडी ओल्या कागदासारखी एका बाजूला सरकली होती. मेहुणा खाली बसला. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मेहुणा गप्प झाला होता.

दाजीच्या डोक्यात काही तडकलं वगैरे नाही. उलट सगळं स्वच्छ झालं. सुरी हातात होती, नुकतीच धार लावलेली. तो पंतोजीच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “इख श्नायडं दिख.”

पंतोजीने ऐकलं. आणि आधी काय झालं, तर त्याचे डोळे मिटले, मान समाधानाने हलली.

“रिख्तिख,” तो म्हणाला.

मग अर्थ पोचला. त्याने डोळे उघडले आणि हात पुढे करून झेप घेतली. दाजीने त्याच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूने सुरी आडवी ओढली, हाडापर्यंत, जिथे स्नायूंच्या दोऱ्या असतात तिथून. हे काम तो दिवसभर करतच होता. पंतोजीची बोटं एकदम सैल पडली, कांडी खणखणत फरशीवर गेली आणि रक्त पांढऱ्या एप्रनवर धारेने उडालं. दाजीने पुन्हा सुरी उगारली. दुसरा वार खांद्यावर बसला, तिसरा बसला नाही कारण चौघांनी त्याला मागून धरलं. तो सुटायला धडपडत होता. त्याला अजून कापायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. मरेपर्यंत कापायचं होतं.

लोकांनी वळून पाहिलं ते वाक्यावर. त्याआधी सगळे आपापल्या फऱ्यात डोकं घालून होते, कारण पंतोजी कोणाला शिकवत असेल तर तिकडे बघायचं नसतं, असा तिथला शहाणपणा होता. मेहुण्याचा हात पाण्यात गेला तो कोणी पाहिला नाही. दाजीचं वाक्य मात्र सगळ्यांनी ऐकलं. वाक्य, मग पंतोजीची झेप, मग झोंबाझोंबी आणि रक्त. एवढीच साक्ष.

दवाखान्यात मेहुण्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाय घसरला आणि हात पेटीत पडला. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याने एक हिशेबही केला होता. हात कोणी घातला हे सांगितलं तर दाजीने वार का केला याचं कारण पोलिसांना सापडेल आणि दाजी तुरुंगात जाईल. घसरला म्हटलं तर दाजीला वार करायला कारणच उरत नाही. आणि गंमत बघा, पंतोजीनेही तेच सांगितलं. त्यालाही तोच खोटेपणा सोयीचा होता. मारणारा आणि भाजलेला एकाच खोट्याला दोन टोकांनी धरून उभे राहिले.

मग उरला फक्त एक शब्द. दाजी धमकी देत होता, की मदतीला गेला होता? धमकी असेल तर खुनाचा प्रयत्न, मग तुरुंग, आणि कारखान्याने दिलेली खोली खाली करून बायको आणि लहान मुलगी रस्त्यावर. मदत असेल तर गैरसमजातून झालेला अपघात.

चौकशी होईपर्यंत दाजीला घरी जाऊ दिलं होतं. वाट बाईंनीच काढली. त्या घरी आल्या, दाजीच्या बायकोचे हात हातात घेऊन म्हणाल्या, “अहो, हा तर माझा वर्गातला विनोद! यांना ‘तुला कापून देतो’ म्हणायचं होतं, हे ‘तुला कापतो’ म्हणून गेले. मेहुण्यांचा हात भाजला होता, त्यांच्या वाटचं मांस मी कापून देतो असं हे प्रमुखाला सांगायला गेले. त्या माणसाला वाटलं धमकी, तो अंगावर आला, हातात सुरी. झालं! आपल्या माणसांना द्वितीया-चतुर्थी कळत नाही हे मी शपथेवर सांगेन.”

दाजी खाली मान घालून बसला होता.

बाई गेल्यावर बायको त्याच्यासमोर बसली. ती भोळी नव्हती. “बाई खरं बोलतायत की खोटं हे मला नका सांगू,” ती म्हणाली. “मला एवढंच सांगा, तिथे त्यांनी बोलून दाखवा म्हटलं तर चुकीचं बोलता येईल?”

“येईल की.”

“बोला मग. हा ब्रेड मला कापून देताय. म्हणा.”

दाजीने तोंड उघडलं. “इख श्नायडं...” आणि त्याचा उजवा हात आपोआप छातीशी गेला. “दिर,” तो म्हणाला.

“चुकीचं म्हणायचंय.”

“माहीत आहे.”

पुन्हा. दिर. पुन्हा. दिर. त्याला घाम फुटला. चूक तोंडापर्यंत यायची आणि मुठीचं हाड ठणकायचं, मग जीभ आपोआप सरळ व्हायची. बायकोला आधी हसू आलं, मग तिला त्याच्या हाताकडे बघून हसू येईना. पण ती उठली नाही. “जन्मभर चुकीचं बोलत आलात,” ती म्हणाली, “आता एकदा माझ्यासाठी बोला. पोरीसाठी बोला.” तिने त्याच्याकडून ते वदवून घेतलं, ब्रेडचा चुरा होईपर्यंत. शेवटी निघालं. दिख. दिख. दिख. मुलगी कोपऱ्यात खेळत होती. शाळेत जर्मन शिकणारी ती चिमुरडी वळून म्हणाली, “बाबा, दिर.” आईने तिला बाहेर पाठवलं.

चौकशीची खोली कारखान्यातच होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, कॉफीचे कप, थाळीत ब्रेड. टेबलाच्या टोकाला पोलिसांची अधिकारी बाई, शेजारी कारखान्याचे साहेब, इकडे दाजी आणि दुभाषी म्हणून वर्गाच्या बाई, समोर पंतोजी. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याची दोन बोटं आता कधी वळणार नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बायको आणि पट्टी बांधलेला मेहुणा.

बाईंनी फार सुंदर समजावलं. ‘ला’ची गोष्ट सांगितली, त्याला आणि त्याला. अधिकारी बाई मन लावून ऐकत होत्या. साहेब घड्याळ बघत होते, त्यांना अपघातच हवा होता. पंतोजी एकही शब्द बोलत नव्हता. बोलणार काय? या माणसाला दिर आणि दिख पक्कं कळतं, असं म्हणाला तर पुढचा प्रश्न यायचा, तुम्हाला कसं माहीत? त्याच्या तोंडाला त्याच्याच कांडीने कुलूप घातलं होतं.

“बघूया तरी,” अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी थाळीतला ब्रेड दाजीपुढे सरकवला. “तुमच्या शिक्षिकेला सांगा, की तुम्ही त्यांना हा कापून देताय.”

दाजीने बाईंकडे पाहिलं. बाई डोळ्यांनी धीर देत होत्या. त्याने हात मांडीखाली दाबला आणि म्हणाला, “इख श्नायडं दिख.”

साहेब मोठ्याने हसले. अधिकारी बाईंनाही हसू आवरलं नाही. “बिचारी तुमची शिक्षिका!” त्या म्हणाल्या. बाई सगळ्यांत जास्त हसल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजीने श्वास सोडला. सुटलो, त्याला वाटलं. बायकोला आत्ता उठून सांगावं, जमलं म्हणून.

पंतोजी हसला नाही. तो दाजीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच पोटदुखीचे भाव होते. त्याने डाव्या हाताने कॉफीच्या कपातला चमचा उचलला. टेबलाच्या लोखंडी कडेवर तो टक्क वाजवला.

“नोख आइनमाल,” तो म्हणाला.

दाजीचा उजवा हात झटक्यात पोटाशी गेला, खांदे वर आले, मान आत गेली, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा, पट्ट्यावरच्या आवाजात तोंड बोलून गेलं, “इख श्नायडं दिर दास ब्रोट!”

कोणी हसलं नाही. पंतोजीने चमचा हळूच खाली ठेवला. त्याने काहीही सांगितलं नव्हतं आणि सगळं सांगितलं होतं.

बाई घाईघाईने म्हणाल्या, “लागला एखादा बरोबर, अंदाजाने...” पण अधिकारी बाईंचं लक्ष शब्दाकडे नव्हतंच. “हात असा का आवळलात?” त्यांनी विचारलं. “टेबलावर ठेवा.”

दाजीने हात ठेवला. टेंगूळ, नख नसलेलं बोट, मुठीच्या हाडांवर एकावर एक पांढरे वण. साहेब म्हणाले, थंडीने होतं असं. अधिकारी बाईंनी साहेबांकडे पाहिलंही नाही, पंतोजीकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं.

“त्या दिवशी,” त्या दाजीला म्हणाल्या, सावकाश, “तुम्हाला दोन्हीतलं कुठलं म्हणायचं होतं?”

अजूनही दार उघडं होतं. बाई त्याच्या कानाशी मराठीत पुटपुटल्या, “दिर म्हणा. त्याने मारलंय हे दिसतंय सगळ्यांना. नुसतं दिर म्हणा, त्या सोडतील. घरी पोर आहे तुमची.”

दाजीला ते कळत होतं. पण समोर पंतोजी बसला होता, कान टवकारून, उत्तर बरोबर येतं की नाही ते ऐकायला. दिर म्हटलं तर दाजी मदत करायला गेलेला गरीब बापडा ठरणार. मेहुण्याचा हात जन्मभर घसरलेला राहणार. आणि हा माणूस डाव्या हाताने कांडी धरायला शिकणार, त्याला किती दिवस लागतील? दाजीला एकाएकी इतका राग आला की भीतीला बसायला जागाच उरली नाही. तुरुंगाची नाही, खोलीची नाही, कशाचीच.

त्याने टेबलावरचा हात हलवला नाही. “इख हाबं ईम निख्त्स गेश्निटन,” तो म्हणाला. “इख हाबं ईन गेश्निटन.”

दोन्ही विभक्त्या जागच्या जागी होत्या. नियमाप्रमाणे बाईंना ते मराठीत सांगून त्याच्याकडून खात्री करून घ्यायची होती. “मी त्याला काही कापून दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्याला कापलं. असंच म्हणायचंय तुम्हाला?”

“असंच.”

“का?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“त्याने माझ्या मेहुण्याचा हात पाण्यात घातला,” दाजी त्यांच्याच भाषेत म्हणाला, “आणि पाण्यात धरून ठेवला.” घालताना इन्स, धरताना इम. पंतोजीचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा झाला. अधिकारी बाई उठल्या आणि त्यांनी स्वतः दार उघडलं.

दाजीला दोन शिपायांनी बाहेर आणलं तेव्हा बायको बाकावरून उठली. त्याच्या दोन्ही बाजूंना बघून तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

“बरोबर बोललात?” तिने विचारलं.

दाजीने मान डोलावली.

“एक चूक करायची होती हो,” ती म्हणाली. “एवढी एक. तेवढीही जमली नाही तुम्हाला?” आणि तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी हाणल्या, एकदा, दोनदा, शिपायांनी तिला धरेपर्यंत. मग ती त्या मुठी तिथेच टेकवून रडू लागली.

आतून मेहुण्याला हाक आली. तो उठला, बहिणीच्या पाठीवर क्षणभर चांगला हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताची पट्टी दातांनी सोडत खोलीत गेला.